वैशालीसाठी रोजचा हिरवा रस

वैशाली गेली, हे सांगणारा दिरांचा फोन धुळ्याहून आला तेव्हा मी पारोळ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात तिच्यासाठीच पालक निवडत होते. आदल्या संध्याकाळी तिला दम लागला म्हणून गाडीत घालून नेलं होतं. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली, म्हणाले. मी हातातली जुडी खाली ठेवली आणि, खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो असा, की आता सगळे हिच्यासाठीच रडणार... सव्वा महिना झाला या गोष्टीला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायची रीत आहे. पण ती माझी जाऊ होती, आणि मी तिच्यावर सात वर्षं जळले.

ती धाकटी सून म्हणून घरात आली तेव्हा मला दोन मुलं होती. वर्षभरात तिचे सांधे धरायला लागले, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाली चढली. ल्युपस, डॉक्टर म्हणाले. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते. आता आजाराच्या लालीवर कोणी जळतं का? मी जळायचे. लग्नकार्यात बायका म्हणायच्या, "काय रंग आहे हो धाकटीचा!" दोनदा तिच्या पोटातलं गेलं. तेव्हा मी तिच्यापाशी बसले, रडलेही. पण आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि माझा जीव पुन्हा जळला. "तिले काम नको सांगू व माय, तिना जीव नाजूक शे," हे त्यांचं मला रोजचं सांगणं. माझा काय दगडाचा आहे का, असं एकदा भाकरी थापता थापता मी पुटपुटले. वैशालीनं ते ऐकलं, सुजलेल्या बोटांनी तव्यावरची भाकरी उलटायला बसली. "ऊठ बाई, मला बोलणी बसतील," म्हणून मीच तिला हाकललं.

दर महिन्याला ती दोघं धुळ्याला रक्त तपासायला जायची. जायची तपासायलाच, पण मला दिसायचं ते नवऱ्याबरोबर गाडीत बसून जाणं. एकदा दीर गावाला गेले होते म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाई समजुतीनं बोलणाऱ्या. या आजारात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणाल्या. म्हणजे पेशींना आतून गंज चढल्यासारखं होतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि रक्त गोठायची भीती वाढते. म्हणून तर रक्त पातळ ठेवायची गोळी. पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात एकच शब्द बसला, गंज. घरी येऊन मोबाइलवर बघितलं, तर कुणीतरी सांगत होतं की हिरव्या पाल्याच्या रसानं शरीरातला गंज उतरतो. झालं! दुसऱ्या दिवसापासून पाचला उठून पालक, शेवग्याचा पाला, गव्हाचे कोवळे अंकुर वाटायला लागले. सगळं घर तिला जपत होतं ना, मग बरी व्हायची तर माझ्या हातानं होऊ दे. पेला घेऊन ती वर खोलीत जायची. "ताई, हळूहळू पिते हं." रिकामा पेला धुऊन आणायची. सहा महिने.

ती गेल्यावर समाचाराला दारावर आलेल्या बायकांत माझी एक मावससासू होती. तिलाही तीच गोळी चालू. रसाचं ऐकून ती चपापलीच. "अगं, असा पाला एकदम वाढवला तर गोळी चालेनाशी होते. मला डॉक्टरांनी बजावून सांगितलंय." म्हणजे माझ्या रसानंच ती गेली की काय? कुणाला सांगणार? अक्कांना? दिरांना? तीन आठवडे मला जेवण गेलं नाही. शेवटी माहेरी जाते म्हणून सांगितलं आणि एस.टी.नं एकटीच धुळ्याला गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वैशालीनं तो रस एकच दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी मला फोन करून विचारलं. मी नको म्हटलं, तर म्हणाली, मी ओतून देईन, पण ताईंना कळू देऊ नका, माझ्यासाठी पाचला उठतात त्या." तिच्या तपासण्या शेवटपर्यंत व्यवस्थित होत्या. गोळी नीट चालू असूनही या आजारात कधी कधी गुठळी होते. तुमचा यात काही दोष नाही, त्या म्हणाल्या.

सुटले मी. आनंद व्हायला हवा होता. पण स्टँडवर येईपर्यंत अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी सहा महिने पाला वाटतेय, आणि ही बाई तो मोरीत ओतून वर मला सांगतेय, "ताई, आज बरं वाटतंय!" इतकं चांगलं वागायचं, तेही हिनंच? मला एवढीसुद्धा जागा ठेवायची नाही? पारोळ्याच्या गाडीत खिडकीशी बसून मी भांडण जुळवत राहिले... घरी गेल्या गेल्या तिला काय काय सुनवायचं, कुठून सुरुवात करायची. सात वर्षांत तिच्याशी तोंडावर भांडायची हिंमत मला पहिल्यांदाच आली होती. गाडीतून उतरले, तरातरा घरी आले, चपला काढल्या आणि जिन्याखाली उभी राहून ओरडले, "वैशाली, खाली ये आधी!"