आठ सेकंदांचा पंचम

ऑर्केस्ट्रात दहा वर्षं काढली की गळ्यात सूर राहो न राहो, किस्से मात्र राहतात. आमच्या साकोलीच्या ऑर्केस्ट्रातले निम्मे किस्से तर एकट्या पेटाऱ्याचे!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमचे मालक मनोहरभाऊ यांनी तो मुंबईच्या एका बंद पडलेल्या हॉटेल-बँडकडून आणला. दिसायला कीबोर्ड, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एकेक फीत. पट्टी दाबली की फितीवर भरलेलं व्हायोलिन वाजायचं, तेही आठच सेकंद. विलायती रॉकवाले वीस-वीस मिनिटांची गाणी यावरच वाजवतात, असं भाऊ छाती फुगवून सांगायचे. ट्रकमधून उतरवताना सहा माणसं घामाघूम झाली. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, व्हायोलिनवाले आतच बसले हायेत का?"

*

पेटाऱ्यावर मला बसवलं आणि हार्मोनियमवाले सीतारामकाका स्टेजवरून खाली आले. चाळीस वर्षांत हा माणूस कधी बेसूर झाला नव्हता. मला फार वाईट वाटायचं. काका पहिल्या रांगेत बसायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "पोट्टा चांगला वाजवते. पन त्या डब्ब्याले जीव नाही."

*

लाखनीच्या कार्यक्रमात आमच्या गायिका कुसुमताईंनी वरचा सूर लावून धरला. आठव्या सेकंदाला माझं व्हायोलिन संपलं. पट्टी सोडून पुन्हा दाबली, पुन्हा संपलं. ताई काही थांबेनात. कार्यक्रमानंतर पान लावता लावता म्हणाल्या, "तुह्या मशीनले दमा हाय का गा?"

*

ऐंशीनंतर भाऊंनी काखेत मावणारा जपानी कीबोर्ड घेतला. पहिलंच गाणं झालं आणि पब्लिक पेटारा मागू लागलं. भाऊंनी समजावलं, यात शंभर आवाज आहेत. मागून एक म्हातारा म्हणाला, "शंभर असन, पन खरा एकबी नाही."

पेटारा पुन्हा ट्रकमध्ये चढला.

*

मग एक फीत तुटली, नेमकी पंचमाची. नव्या फितीवर सूर भरायला भंडाऱ्यापर्यंत शोधूनही व्हायोलिनवाला मिळेना. शेवटी मान खाली घालून मी काकांच्या घरी गेलो. काका धुतलेलं धोतर नेसून रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आले आणि त्यांनी हार्मोनियमवर आठ सेकंदांचा पंचम भरून दिला. तेव्हापासून गाण्यात तो सूर आला की पहिल्या रांगेत शेजाऱ्याला सांगायचे, "हा मी."

त्याच साली सानगडीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, भरदुपारी आमचा कार्यक्रम होता. जवळची राईस मिल सुरू झाली, व्होल्टेज पडलं, पेटाऱ्याची मोटर मंदावली आणि सगळे सूर खाली घसरले. पब्लिक मजेत डोलत होतं. मी पंचम दाबला, तो तर रडतच बाहेर आला. पाहतो तर काकांची खुर्ची रिकामी.

पुढचं गाणं अर्ध्यावर आलं आणि सूर आपोआप जागेवर आले. काय झालं ते मिलवाल्यानंच नंतर सांगितलं. काका धापा टाकत आले आणि म्हणाले, "मिल बंद कर."

ऐन धानाच्या दिवसांत, दारात बैलगाड्यांची रांग. त्यानं विचारलं, "काहून जी काका?"

"मी वाजून राहिलो ना तिकडं."