पक्षकार बसल्याशिवाय

अ‍ॅडव्होकेट चनवीरअण्णांची माझी पहिली आठवण आहे, ती उभ्या अण्णांची. आई आणि मी मैंदर्गीहून सोलापूरला त्यांच्या कार्यालयात आलो होतो. वडिलांच्या पश्चात चुलत्यांनी आमच्या राहत्या घराच्या ताब्यासाठी दावा लावला होता. वकिलासमोर पायात चप्पल नको आणि बसायला खुर्चीही नको, अशी आईची समजूत. चपला पायरीवर काढून ती दाराजवळ फरशीवर बसली.

अण्णा उठले, त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते उभेच राहिले.

"बसा की वो साहेब," आई संकोचून म्हणाली.

"तुमी बसल्याबिगर कसं बसू? पक्षकार हाय तुमी."

"मी हितंच बरी हाय."

"मग मी बी हितं बरा हाय."

त्यांनी उभ्यानेच कागद चाळायला घेतले. त्यांचा गुडघा दुखरा आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पण टेबलावर टेकलेला हात आईने पाहिला. "लई हट्टी हाय की वो तुमी," असे पुटपुटत ती खुर्चीवर बसली. मगच अण्णा बसले.

पुढे मी त्यांच्याकडेच टंकलेखनाला लागलो. मेंढपाळ येवो वा कारखानदार, अण्णांची रीत बदलत नाही. कनिष्ठ वकिलांना ते सांगतात, "पक्षकार उपकार मागायला येत नाही. त्याचा हक्क घेऊन येतो." मात्र गोड बोलण्याला ते सौजन्य समजत नाहीत. "घर राहील न्हवं?" असे आईने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कागद कमी हायत. शब्द देता येत न्हाय." खोटा दिलासा त्यांच्या लेखी उद्धटपणाच आहे.

खालच्या न्यायालयात आम्ही हरलो. अण्णांनी माझ्याबरोबर निरोप धाडला नाही. आईलाच बोलावून घेतले. ती येताच ते उठले. त्यांचा चेहरा पाहून आई समजली. आता ती रडणार, असे मला वाटले. तिने मात्र घाईने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"आता बसा," ती म्हणाली, "आन् सांगा."

अण्णांनी सारा निकाल तिला कन्नडमध्ये, तिच्या घरच्या भाषेत, सावकाश समजावला.

आता अपील चालू आहे. ताब्याला स्थगिती मिळाली असून आई अजून त्याच घरात राहते.

अण्णांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि गुडघ्याचीही साथ मिळो. त्यानिमित्त होणाऱ्या सत्काराला येणाऱ्या सर्वांना एक नम्र विनंती आहे. अण्णा व्यासपीठावर आल्यावर कृपया आदराने उभे राहू नये. सभागृहातला शेवटचा माणूस बसल्याशिवाय ते बसणार नाहीत.