चढणीवर पाय टेकायचा नाही

माझी सायकल लांबच्या प्रवासाची. लोखंडी सांगाडा, पुढेमागे कॅरियर. लग्नाआधी आणि नंतरही मी तिच्यावरून भरपूर भटकले. सांगाडा अजून ठणठणीत आहे, दमले होते ते गिअर. आणि गुडघे, असं नवरा म्हणतो. गेल्या हिवाळ्यात सिद्धगडाच्या पायथ्याला जाताना चढणीवर उतरून मला सायकल ढकलावी लागली. तेव्हापासून त्याचं एकच, "नवी घे." मोबाइलवर त्याने एक पसंतही करून ठेवली होती. हलकी, काळी, कॅरियर लावायला जागाच नसलेली.

"मग तंबू कुठे बांधू? डोक्यावर?"

"या वयात तंबू कशाला लागतो?"

हे त्याने बोलायला नको होतं. मी सायकल मुरबाडला नेली आणि नवे हलके गिअर, नवी चेन, नवे ब्रेक बसवून आणले. त्यावर आमची पैज लागली. शेणव्याच्या पुढची चढण पाय न टेकता चढले, तर हीच सायकल राहील. पाय टेकला, तर ही भंगारात आणि काळी घरात. 'भंगारात' हा शब्द माझाच. तेव्हा मी फार जोरात होते.

रविवारी सकाळी निघाले, नवरा मागून स्कूटरवर साक्षीदार म्हणून. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई पूजेचं ताट घेऊन अंगणात.

"अहो, जुन्या सायकलची कसली पूजा?"

"जुन्याची कोण करतंय? नवा जेवढा हाय तेवढ्याचीच करतंय. जुन्याची झालीय मागंच."

"ब्रेकला तेवढं लावू नका, आपटेन," एवढंच मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. ब्रेकच्या वाटणीचं हळदकुंकूसुद्धा गिअर आणि चेनला दिलं. चेनला मी नुकतंच तेल घातलं होतं.

सपाटीवर सायकल अशी पळाली की मी एकटीच गाणं म्हणत होते. चढण सुरू झाली तेव्हा खाली पाहिलं. पांढऱ्या पँटचा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल. हाताने पुसला. मग त्याच हाताने कपाळावरचा घाम पुसला.

समोरून दोघी बायका डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन उतरत होत्या.

"अगो बाय! रगत!"

"कुंकू आहे!"

"काय?"

"गिअरचं कुंकू!"

"डोक्यालाच लागलाय हिच्या," पुढची मागचीला म्हणाली.

मला हसू फुटलं. चढणीवर हसणं म्हणजे दम गेलाच. हँडल डुलायला लागलं, तरी मी पाय मारत राहिले. इतक्यात वर एक टेम्पो थांबला आणि त्याचा ड्रायव्हर हात पसरून रस्त्यात उभा राहिला. "ताई, थांबा! दवाखान्यात नेतो!" मी त्याला वळसा घातला. तो मागून धावत आला आणि त्याने कॅरियर पकडून ढकलायला सुरुवात केली.

"सोडा! सोडा हो!"

"घाबरू नका ताई, धरलंय मी!"

असे आम्ही दोघं वर पोहोचलो. मागे नवरा स्कूटर थांबवून पोट धरून हसत होता.

"पाय टेकला का माझा?" मी विचारलं.

"नाही. पण ढकललं. हे धरायचं नाही."

त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. सायकल वळवली आणि परत पायथ्याला गेले. तोवर सगळी हकीकत ड्रायव्हरला आणि बायकांना कळली होती. बायकांनी भारे उतरवून कडेला बैठक मारली.

"ए दादा, आता हात लावायचा नाय हां!" त्यांनी ड्रायव्हरला दरडावलं. मला म्हणाल्या, "हसू नको गो, वर बघ!"

वर पाहिलं की ड्रायव्हर दिसे, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा. मग अजूनच हसू येई. वळणावर तर मांड्या पेटल्या आणि सायकल जवळजवळ उभीच राहिली. आता टेकतोय पाय, असं वाटलं तोच शेजारून स्कूटरवरून नवरा ओरडला, "खालचा गिअर टाक! अगं खालचा! अजून एक आहे!"

तो कोणाच्या बाजूने आहे, हे तो साफ विसरला होता. मी गिअर टाकला. पाय भराभर फिरू लागले, सायकल मुंगीच्या चालीने का होईना पण वर सरकली, आणि मागे बायकांच्या टाळ्या ऐकू आल्या.

"झालं, झालं! थांब आता!" नवरा हाका मारत होता.

मी थांबले नाही. पुढे उतार होता.