कुंकू लागलेले तीन कागद

रोह्याच्या स्कॅनिंगच्या दुकानातल्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. वारसनोंदीचे वीस कागद त्याच दिवशी वकिलांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचे होते. सतरा चढले, तीन परत आले. मशीन तेच, कागद तसेच. मला काही कळेना.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून ते तीन कागद नाकाशी धरले. "काका, लक्ष्मीपूजनाला यांना कुंकू लावलंत ना? मशीन तेवढेच रंगीत काढतंय. फाइल जड होते, मंग वकिलांचं सॉफ्टवेअर घेत नाय."

"कुंकू आई लावायची."

त्यांनी तिन्ही कागद करड्या रंगात काढले. लगेच चढले.

"झालं, काका. वडलांची सही दिसते."

सही दिसत होती. शेजारचं आईच्या बोटाचं कुंकू मात्र काळा डाग झालं होतं. मी बाईंचे आभार मानले. बरं वाटलं की वाईट, ते अजून सांगता येत नाही.