गोलामागून आलेली शीळ

येडूला कशाकशाची भीती वाटायची हे सांगत बसलं तर दिवस पुरणार नाही. कशाची वाटायची नाही, ते सांगितलेलं बरं. लांडग्याची वाटायची नाही. अंधाराची, विंचवाची, वळवाच्या गारांची वाटायची नाही. सांगोल्याकडच्या माळावर दीडशे मेंढरं घेऊन तो एकटा झोपायचा आणि घोरायचासुद्धा.

पण ही झाली माळावरची गोष्ट. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं विकून तो सोलापुरात आला, शुक्रवार पेठेत एक खोली धरली, गिरणीत रुईच्या गाठी वाहायला लागला आणि दोन वर्षांत पार भित्रा होऊन गेला. भोंगा झाला की दचकायचा. मागून सायकलची घंटी वाजली की गटारात पाय घालायचा. खाकी कपडे दिसले की, मग ते पोस्टमनचे का असेनात, आधी हात जोडायचा. लोक हसायचे. हसणाऱ्याचं काय जातं? सबंध आयुष्य ज्या अकलेवर काढलं ती अक्कल गावाबाहेर ठेवून यावी लागली, की कुणीही भित्रा होतो.

आणि अशा माणसाचा एकुलता एक पोरगा निघाला फुटबॉलचा गोलकीपर.

तात्याबा बाविशीचा होता. कळपातून निसटलेलं कोकरू झेप टाकून धरायची सवय त्याच्या हातात लहानपणापासून होती. गिरणीच्या पोरांनी ती एकदा बघितली आणि त्याला दोन खांबांमध्ये नेऊन उभा केला. गिरणीत मात्र तो अजून बदलीच होता. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणी कामावर आलं नाही तर आत, नाहीतर घरी. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, गुरुबसप्पा हाच गिरणीच्या संघाचा कारभारी. त्यानं मोठ्या साहेबांकडून शब्द घेतला होता, की रेल्वेवाल्यांना हरवून स्पर्धेची ढाल आणली तर संघातली तीन बदली पोरं एक तारखेपासून कायम. त्या तिघांत तात्याबा होता. हरले तर पुन्हा फाटक आहेच.

रविवारी दुपारी तात्याबा बूट गळ्यात अडकवून गेला, तशी मायाक्का नवऱ्याला म्हणाली, "मागल्या येळंला बरगड्या सुजवून आला. आज तुमी जावा."

"म्या तितं जाऊन काय करू?"

"त्याच्या डोक्यावर ध्यान ठिवा. येवडाच हाय आपल्याला."

बायकोला नाही म्हणायचीही येडूला भीतीच वाटायची. तो निघाला.

सामना रेल्वे वसाहतीमागच्या मैदानावर होता. एका अंगाला क्वार्टरं, दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे यार्ड. तिथं मालगाड्यांचे डबे इकडून तिकडे ढकलणं चाललेलं, इंजिनं फुसफुसत होती, गार्डच्या शिट्ट्या वाजत होत्या. गिरणीचे शंभरेक लोक एका कोपऱ्यात, आणि बाकी सगळं मैदान रेल्वेचं. येडू कोपऱ्यातल्या गर्दीत उभा राहिला. समोरच्याच गोलात तात्याबा होता, म्हणून त्याला जरा बरं वाटलं.

खेळ त्याला कळत नव्हता. त्याला फक्त मानसिंग कळला. मानसिंग रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा टाकून टाकून त्याचे दंड जात्याच्या खुंट्यासारखे घट्ट झालेले. तो चेंडू घेऊन निघाला की वाटेतली पोरं बाजूला पडायची. दर वेळी तो तात्याबाच्या रोखानं यायचा आणि दर वेळी येडू डोळे मिटून घ्यायचा. अशा डोळे मिटण्यातच गिरणीनं पलीकडं गोल केला. शेजाऱ्यानं पाठीत धपाटा घातला तेव्हा याला वाटलं, आपल्यालाच मारतायत.

मध्यंतर झालं. पोरांनी लिंबं चोखली आणि दोन्ही संघ बाजू बदलून उभे राहिले. तात्याबा गेला थेट पलीकडच्या गोलात. बाजू बदलतात हे येडूला कुठलं ठाऊक? मायाक्कानं डोक्यावर ध्यान ठेवायला सांगितलेलं आणि डोकं तर निघालं लांब. मग हा पठ्ठ्या मैदानाला वळसा घालून गेला आणि त्या गोलाच्या बरोबर मागं जाऊन उभा राहिला.

उभा राहिल्यावर ध्यानात आलं, की सभोवती सगळे रेल्वेचे. काळ्या बोटांची, कोळशाचा वास मारणारी माणसं. एकजण म्हणत होता, "मानसिंग, कीपरला आत घाल बे, गोलासकट घाल." दुसऱ्यानं येडूकडं बघून विचारलं, "कुठल्या शेडचा मामा तू?" येडूनं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पळून जावं तर पोरगा हितं, थांबावं तर ही गर्दी.

आणि शेवटची दहा मिनिटं उरली असताना मानसिंग सुटला.

गिरणीची दोन पोरं दोन्ही बाजूंनी त्याला भिडायला धावत होती. तात्याबा गोल सोडून पुढं आला आणि त्याच्या पायांवर झेप घ्यायला वाकला. येडूला दिसलं ते एवढंच, की लेकाचं डोकं खाली येतंय आणि लोखंडी नालेचा बूट वर जातोय. या खेपेला डोळे मिटले नाहीत. दोन बोटं जिभेखाली गेली आणि शीळ निघाली.

ती मेंढक्याची शीळ होती. लांब, एकसुरी, शेवटी तुटणारी. माळावर तिचा एकच अर्थ होता: हाय तिथं थांब. पुढं कडा असेल, साप असेल, रस्त्यावर मोटार असेल, विचारायचं नाही, थांबायचं. मेंढरं थांबायची, कुत्रं थांबायचं, आणि मेंढरांपुढं हुंदडणारा चार वर्षांचा तात्याबाही एक पाय उचललेला तसाच थांबायचा.

आताही तो थांबला. वाकलेला तसाच, हात पसरून. रेफरीची शिट्टी समजून गिरणीची दोन्ही पोरंही थांबली. मानसिंगनं चेंडू आधीच ढकलला होता, तो कुणाचं न ऐकता तात्याबाच्या शेजारून गडगडत जाऊन गोलात पडला.

रेल्वेवाल्यांनी टोप्या उडवल्या. रेफरीनं मधल्या टिंबाकडे हात केला. एकास एक.

गुरुबसप्पा धोतर सावरत मैदानात धावला. "अय्यो, शिट्टी वाजली की. शिट्टी झाल्यावर गोल कसला?"

रेफरी एका शाळेतले ड्रिल मास्तर होते, वाळके आणि शिस्तीचे. ते म्हणाले, "मी वाजवलेली नाही. यार्डात गार्डच्या शिट्ट्या दिवसभर वाजतात. दोन्ही संघांना त्या सारख्याच. तुमची पोरं थांबली तर मी काय करू?"

"यार्डातली न्हवं ती. गोलामागनं आली."

"प्रेक्षकानं वाजवली असेल तर गोष्ट वेगळी. तसा नियम आहे. गोल रद्द, आणि चेंडू मी जागेवर टाकून खेळ पुन्हा सुरू करीन. पण तो माणूस मला दाखवा. माणूस नाही, तर गोल कायम." मग त्यांनी तात्याबाला विचारलं, "तू गोलात होतास. कुणी वाजवली, पाहिलंस?"

तात्याबानं मागं वळून बघितलं नाही. एवढ्या गर्दीत त्याला काही बघायची गरजही नव्हती. ती शीळ कुणाची, हे त्याच्याइतकं त्या मैदानावर कुणालाच माहीत नव्हतं.

"न्हाय," तो म्हणाला. "यार्डातनंच आली आसंल."

"का बे, काय बोलायलास?" गुरुबसप्पा ओरडला. "नोकरी नको काय तुला?"

तात्याबानं गोलातला चेंडू उचलला आणि रेफरींच्या हातात दिला.

येडूला हे सगळं स्पष्ट ऐकू आलं. पोरगं आपल्याला वाचवतंय, हे त्याला कळलं. शेजारी एकजण दात ओठ खात म्हणत होता, "गिरणीवाल्यानंच वाजवली आसंल कुणीतरी, गोल चुकवायला. घावू दे, तंगडं मोडून हातात देतो." येडू ऐकत होता. आणि तो दोन माणसांच्या मधून वाट काढून, चुन्याची रेघ ओलांडून आत गेला. कसा गेला, ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"म्या वाजवली," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला, की रेफरींना परत विचारावं लागलं.

"म्या वाजवली सायेब. पोरगं हाय माजं. ते बुटाखाली चाललं हुतं."

गोंधळ माजला. गोलामागचे लोक रेघेपर्यंत आले. रेफरींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "शिट्टी कुठाय?"

"शिट्टी न्हाय. बोटानं."

"वाजवून दाखवा."

येडूनं बोटं तोंडात घातली. फुंकर मारली. नुसती हवा गेली. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटली होती. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवा. रेल्वेवाले खदखदून हसले. "म्हातारा भाड्यानं आणलाय बे," कुणीतरी म्हणालं. गुरुबसप्पानं लिंबाची फोड आणून त्याच्या तोंडात पिळली. तरी फूं फूं. येडूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जन्मभर जी गोष्ट न मागता येत होती, ती आज हात जोडून येईना.

"पुरे झालं," रेफरी म्हणाले. "गोल कायम. चला."

तात्याबा पुढं झाला. बापाचा हात तोंडातून काढत म्हणाला, "चला आबा, ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या काय?" मानसिंग मधे घुसला. त्यानं केलेला गोल पाच मिनिटं अधांतरी टांगला होता, म्हणून तो तापला होता. "बाप लबाड, पोरगा लबाड." त्यानं तात्याबाची गचांडी धरली आणि उजवी मूठ मागं नेली.

आणि शीळ निघाली.

मूठ जिथल्या तिथं राहिली. तात्याबा थांबला. रेघ ओलांडून आत घुसू लागलेली माणसं थांबली. कुंपणापलीकडं एक गार्ड हिरवी झेंडी हातात धरून इकडं बघत राहिला.

रेफरींनी मानसिंगची मूठ खाली केली, त्याला ताकीद दिली, आणि चेंडू काखेत मारून म्हणाले, "गोल रद्द."

रेल्वेवाल्यांनी आरडाओरड केली, पण मास्तरांनी ती शाळेतल्या पोरांची केली असती तशीच ऐकून सोडून दिली. येडूला त्यांनी गोलाच्या बाजूला, आपल्या नजरेसमोर जमिनीवर बसवलं. "दोन्ही हात मांड्यांखाली. सामना संपेपर्यंत काढायचे नाहीत. पुन्हा वाजली तर गोल तर देईनच, तुमच्या पोरालाही बाहेर काढीन." पोराला बाहेर काढायचं कुठल्याच नियमात नव्हतं. पण येडूला नियम कुठले माहीत. तो हात मांड्यांखाली घालून बसला.

ती दहा मिनिटं त्यानं कशी काढली ते त्यालाच ठाऊक. मागं रेल्वेवाले त्याच्या आईबापांचा उद्धार करत होते. कुणीतरी भुईमुगाची टरफलं त्याच्या डोक्यावर टाकली. तो हलला नाही. आणि अगदी शेवटी, सगळे घड्याळाकडं बघत असताना, मानसिंग परत सुटला.

तसाच आला. तसाच तात्याबा पुढं झाला, तसाच वाकला. येडूच्या हातांना मांड्यांखालून ओढ लागली. त्यानं सगळं अंग त्यांच्यावर दाबलं, दातांनी खालचा ओठ धरला आणि बघत राहिला. तात्याबानं झेप घेतली. चेंडू छातीशी धरला. बूट कपाळावर बसला, त्याचा आवाज येडूला ऐकू आला.

मग रेफरीची शिट्टी झाली, तीन वेळा, लांब.

ढाल गिरणीची झाली. तात्याबाला उचलून खुर्चीवर बसवला तेव्हा त्याचं अर्धं तोंड रक्तानं माखलं होतं, पण तो शुद्धीवर होता. मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, पहिल्या तारखेपासून कायम. मानसिंगच त्याला खांद्याला धरून रेल्वेच्या दवाखान्यात घेऊन गेला, तिथं तीन टाके पडले.

दिवस कलता बापलेक शुक्रवार पेठेकडं चालत निघाले. मग येडू म्हणाला, "माजं चुकलं. आता न्हाय कवा वाजवायचो."

"त्ये न्हवं आबा." तात्याबा थांबून थांबून बोलत होता, टाके ओढत होते. "दुसऱ्यांदा मानसिंग आला, तवा म्या कान दिऊन हुतो. वाटलं, आता वाजवताय तुमी. वाजली न्हाय, मग उडी घेतली."

"आन वाजली असती तर?"

"थांबलो असतो की."

"आरं, नोकरी गेली असती."

"गेली असती," तात्याबा म्हणाला. "पर तुमची शीळ आल्यावर पाय माजं ऐकत न्हाईत."

त्यानं हे सहज सांगितलं आणि तो चालू लागला. येडूला मात्र पुढं पाऊल टाकवेना. दिवसभर त्याला मानसिंगच्या बुटाची भीती वाटली होती, रेल्वेवाल्यांची वाटली होती, रेफरीची वाटली होती. आता त्याला स्वतःच्या दोन बोटांची भीती वाटली. बाविशीचा, मिशा फुटलेला, कायम झालेला हा माणूस अजून आपल्या एका फुंकरीवर उभा आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तात्याबा वळणाशी थांबून मागं बघत होता.

"तू हो म्होरं," येडू म्हणाला. "माजी वाट बघू नगंस."