दसऱ्याला आणलेली पिकअप

शैलाबाई देवस्थळींना नवऱ्याचा राग येई, कीव येई, क्वचित प्रेमही येई. किळस मात्र आली ती लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर, एका गाडीपायी.

डमडमच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोघांचं घर. चारुदत्त सरकारी बँकेतून निवृत्त झाले ते कोलकात्यात, आणि पुण्यातल्या फ्लॅटचे भाव ऐकून इथेच राहिले. शैलाबाईंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तेही उभ्याने, आणि गुडघे तिथेच झिजवले. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले होते. इमारतीला लिफ्ट नव्हती. आता बसणार होती. प्रत्येक घराने आपला हिस्सा भरायचा, आणि जो भरेल त्यालाच लिफ्टचं कार्ड मिळायचं. शैलाबाईंना यापुढे आयुष्यात दुसरं काहीच नको होतं. दिवसातून एकदा उतरायचं, तळमजल्यावरच्या एकट्या शेजारणीकडे, शकुनदींकडे, घटकाभर टेकायचं आणि एकदा कण्हत चढायचं, एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

आणि चारुदत्तांनी पिकअप घेतली.

हावड्याच्या कारखान्यांचा माल वाहते तसली साधी असती, तर शैलाबाईंनी एक वेळ समजून घेतलं असतं, की रिकाम्या माणसाला भाड्याचा धंदा सुचला. ही चार दारांची, चामड्याच्या सीटांची, डोंगर चढणारी. डमडममध्ये डोंगर नाही. मागे सामानासाठी उघडा हौदा, आणि देवस्थळींच्या घरात सामान म्हणजे आठवड्याची भाजी. निवृत्तीच्या पैशांचा भला मोठा लचका तिने तोडला होता. हाच माणूस बँकेत लोकांचे कर्जाचे अर्ज परत करताना ऐटीत ऐकवत असे, की गाडी शोरूमबाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते.

"तुझ्या गुडघ्यांसाठीच घेतली," ते म्हणाले. "त्या बॅटरीच्या रिक्षात, टोटोत बसून तुझी हाडं खिळखिळी होतात."

"आणि लिफ्ट?"

"लिफ्टचं पुढच्या वर्षी बघू. ती काय पळून जातेय?"

माणसाने हौस करावी, खुशाल करावी. पण दुसऱ्याचं दुखणं पुढे करून आपली हौस भागवली, की शिसारी येते. शैलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मुहूर्त दसऱ्याचा. वाहनाची पूजा दसऱ्यालाच व्हायची, म्हणून गाडी त्याच दिवशी दारात हवी. शैलाबाईंनी सांगून पाहिलं, की इथे त्या दिवशी देवीचं विसर्जन असतं, गल्लीच्या तोंडाशी क्लबचा मंडप आहे, सायकलसुद्धा शिरत नाही. पण चारुदत्तांनी एकदा पंचांग उघडलं की त्यांचे कान बंद होतात. व्हायचं तेच झालं. गाडी मोठ्या रस्त्यावर मंडपाला खेटून उभी राहिली आणि क्लबचा सेक्रेटरी सलील धावत आला. विसर्जनासाठी ठरवलेला त्यांचा ट्रक आलाच नव्हता.

"काकू, ठाकूर आपनार गाडीते उठबे?"

बंगालीत काकू म्हणजे काका, आणि ठाकूर म्हणजे देवाची मूर्ती. चारुदत्तांना पहिलं ठाऊक होतं, दुसरं नव्हतं. त्यांचं बंगाली भाजीवाल्यापुढे कधी गेलंच नाही. पुजाऱ्याला इथे ठाकूरमशाई म्हणतात, एवढं मात्र कानावर होतं. भटजी स्वतः गाडीत बसून आशीर्वाद देणार, या आनंदात त्यांनी जोरजोरात मान डोलावली.

शैलाबाई पूजेचं ताट सांभाळत तीन जिने उतरून आल्या, तेव्हा दुर्गा लेकरांसकट हौद्यात चढली होती. बायका देवीला सिंदूर लावून उरलेला एकमेकींच्या गालांना फासत होत्या आणि तेच हात पांढऱ्याशुभ्र पत्र्यावर टेकत होत्या. कुणाची तरी आजी आत बसून संदेश मिठाई खात होती. चारुदत्त कसंनुसं हसत उभे होते.

"शुभच आहे ना हे," ते म्हणाले.

संध्याकाळी गाडी परत आली ती चिखल, पेंढा आणि कुजकट फुलांनी माखून. एवढ्या पैशांच्या त्या हौद्याने आजवर केलेलं काम ते एवढंच, आणि तेही फुकट.

चार दिवसांनी शैलाबाईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. चारुदत्तांनी धुतलेल्या गाडीचं दार मोठ्या अदबीने उघडून धरलं. आत चढायची पायरी शैलाबाईंच्या गुडघ्याएवढी उंच. त्यांनी उजवा पाय उचलला, तो अर्ध्यावरच अडकला. डावा उचलला, तर उजव्याला भार पेलेना. चारुदत्तांनी मागून ढकललं, भर रस्त्यात, पोतं ढकलावं तसं. शैलाबाई पुन्हा जमिनीवर आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

सलील तिथूनच चालला होता. मुलगा मनाने चांगला. तो कळवळून म्हणाला, "काकीमा, पीछे से चढ़ा दें? चार लोग कुर्सी समेत उठा लेंगे. ठाकुर को भी तो वैसे ही चढ़ाया था."

शैलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने सलीलला हसून वाटेला लावावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. चारुदत्त हौद्याकडे बघत होते, अंदाज घेत होते.

"बसशील का गं?" त्यांनी विचारलं. "जवळच तर जायचंय."

शैलाबाईंनी दार सोडलं. त्यांनी हात करून रस्त्यावरचा टोटो थांबवला. त्याची पायरी जमिनीपासून वीतभर. दांडी धरून त्या एकट्या चढल्या आणि बसल्या.

"तळमजल्यावरच्या शकुनदींकडे एक खोली रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडून मी तिथेच जाईन. ही गाडी विका नाहीतर ठेवा. लिफ्टचं कार्ड हातात पडलं की वर येईन, तोवर नाही."

चारुदत्तांनी गाडीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "आणि माझ्या जेवणाचं?"

टोटोवाल्याने मागे वळून विचारलं, एकजन की दुजन.

"एकजन," शैलाबाई म्हणाल्या.