वाटीने न कापलेली पोळी

मोबाइलच्या पडद्यावर बारा चौकोन, प्रत्येकात एक पोळपाट. अकरा पोळ्या गोल, बारावी माझी. "काका, वर वाटी दाबून कडा कापा, गोल होईल," शिकवणारी मुलगी म्हणाली. मी वाटी उचलली आणि परत ठेवली.

बायको गेली तेव्हा मुलगा म्हणाला होता, "बाबा, डबा लावा. या वयात कशाला हे?" चाळीस वर्षं मी तिच्या पोळ्या खाल्ल्या. गोल झाली म्हणून कधी बोललो नाही, करपली की मात्र लगेच बोललो. इतक्या वर्षांचा हा वाकडेपणा कुठल्या वाटीने कापायचा?

"नाही कापणार," मी म्हणालो आणि ती तीन टोकांची पोळी तव्यावर टाकली. करपली तरी खाईन, आणि चकार शब्द काढणार नाही.